दोन लाखांत जुनी गाडी: आधी कागद, मग बॉनेट

माझी पहिली गाडी चालायला एक नंबर होती. २००५ ची ऑल्टो, पंच्याऐंशी हजारांना घेतलेली. सातारा-कोल्हापूर रस्त्यावर एकदाही उभी राहिली नाही. तरी दोन वर्षांनी ती जवळपास भंगाराच्या भावात गेली, कारण कागदावर ती कधी माझी झालीच नाही. विकणाऱ्याने मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे टीटी फॉर्म (मालकी बदलायचे आरटीओचे अर्ज) हातात ठेवले, 'सावकाश करून घ्या नावावर' म्हणाला, आणि मी खरंच सावकाश घेतलं. वर्षभराने आरटीओत गेलो तर मूळ मालकाचा पत्ता लागेना, सही जुळेना, आणि आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) कुठल्याशा कर्जाचा बोजा तसाच बसलेला.

त्यानंतर मावसभाऊ, शेजारी, ऑफिसातली दोन पोरं अशा सात-आठ जणांबरोबर जुन्या गाड्या बघायला हिंडलो. बहुतेकजण आधी गाडी बघतात, प्रेमात पडतात आणि मग कागदांकडे वळतात. मी उलटं करतो. इंजिन बिघडलं तर मेस्त्री आहे, कागद बिघडले तर कोणी नाही. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे आणि खिशात एकूण दोन लाख आहेत असं धरलं आहे. तुमचे दीड असतील तर आकडे त्या प्रमाणात कमी करा.

पैशाची वाटणी

दोन लाख असतील तर गाडी जास्तीत जास्त एक साठची बघायची. उरलेले चाळीस हजार बाजूला ठेवायचे आणि भाव करताना ते आहेत हे विसरून जायचं. जुन्या गाडीला पहिल्या तीन महिन्यांत खर्च येतोच. लहान गाडीचे चार टायर बारा-चौदा हजारांच्या घरात जातात, बॅटरी चार-पाच हजार, सगळी तेलं आणि फिल्टर बदलायला पाच-सहा हजार, क्लच प्लेट निघाली तर आणखी सात-आठ. विम्याचा थर्ड पार्टी हप्ता (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा) सरकारने ठरवून दिलेला असतो. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये आणि हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. म्हणजे ९९८ सीसीची वॅगनआर आणि ११९७ सीसीची स्विफ्ट यांत विम्यातच, जीएसटी सोडून, दरसाल तेराशेच्या वर फरक पडतो.

नाव बदलायची सरकारी फी शेकड्यांत असते, एजंटाची हजारांत. कोण किती घेणार आणि ते कोण देणार, हे इसार देण्याआधी बोलून घ्या.

कोणती गाडी

या प्रश्नावर लोक तासन् तास घालवतात. मी पाच मिनिटं घालवतो. या पैशात २०१४-१५ च्या आसपासची ऑल्टो, वॅगनआर, सेलेरिओ, आय-टेन, ईऑन, नशीब चांगलं असेल तर जरा जास्त पळालेली स्विफ्ट, असा मेळ असतो. यांतली कुठलीही चालेल. गाडीच्या नावापेक्षा तिची तब्येत आणि आधीचा मालक बघा. मारुती आणि ह्युंदाईचे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात, कमी पैशात गाडी बाळगणाऱ्याला तेवढं पुरे.

मोहात पडाल असा प्रकार म्हणजे गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या फिगो, बीट निम्म्या भावात दिसतात, चालवायला मजबूतही आहेत. पण साधा आरसा फुटला तरी जुन्या पार्टच्या बाजारात चक्कर मारावी लागते. पुण्या-मुंबईत राहत असाल आणि ओळखीचा मेस्त्री असेल तरच त्या वाटेला जा.

डिझेल घेऊ का? महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर होत नसतील तर नको. इंजेक्टर किंवा टर्बो गेला की एका फटक्यात बाजूला ठेवलेले चाळीस हजार संपतात.

सीएनजी घेत असाल तर किटची नोंद आरसीवर हवीच. बाहेरून बसवलेलं आणि नोंद न केलेलं किट असेल तर गाडी कितीही आवडली तरी मागे फिरा, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (दाब सहन होतो का याची तपासणी) लागते. टाकीजवळच्या पट्टीवर तारीख असते, डिकी उघडून स्वतः वाचा.

आणखी एक. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ती बहुधा नसतेच. दोन गाड्या सारख्याच भावात असतील तर म्युझिक सिस्टिमवाली सोडा, एअरबॅग आणि एबीएसवाली (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होत नाहीत अशी) घ्या.

घरबसल्या, फोनवर

जाहिरात आवडली की 'आज येऊ का बघायला' विचारू नका. आधी आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो मागा. जो टाळाटाळ करतो त्याला तिथेच रामराम.

नंबर मिळाला की सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाका. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं दिसतं, पण बाकीचं पुष्कळ कळतं: नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बोजा आहे की नाही. हे आरसीच्या फोटोशी ओळ न् ओळ ताडून बघा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर थकलेला दंड दिसतो. मावसभावाने बघितलेल्या एका गाडीवर अकरा हजारांची चलनं होती, सगळी वेगाची, आणि मालक म्हणत होता गाडी फक्त देवळात जायला वापरली.

नोंदणीची तारीख नीट बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर फिटनेस तपासून पाच वर्षं वाढवून मिळते, पण नूतनीकरणाला पाच हजार रुपये आणि वर पर्यावरण कर. नोंदणी संपत आलेली गाडी घेऊ नका, नाहीतर तुम्ही विकायला काढाल तेव्हा कोणी हात लावणार नाही.

बोजा दिसला तर गाडी वाईट असं नाही. अर्धा देश कर्जावर गाडी घेतो. पण 'कर्ज फिटलंय हो, फक्त नोंद राहिलीय' या वाक्यावर पैसे देऊ नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात हवेत, नाहीतर त्याने आधी बोजा उतरवून आणावा, आपण थांबतो.

विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का? 'गाडी वडिलांच्या नावावर आहे' असं म्हणाला तर वडील आहेत का, हे जरा जपून पण स्पष्ट विचारा. वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी, त्याला फॉर्म ३१ लागतो, बाकीच्या वारसांची संमतीही लागते. भावाभावांत वाद असेल तर तुमचे पैसे मध्ये अडकतील.

परराज्यातल्या गाड्यांबद्दल थोडं जास्त सांगतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या चकचकीत गाड्या स्वस्तात आपल्याकडे येतात. भाव बघून डोळे फिरतात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा कर भरणं, नवा नंबर आणि एजंट हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीचशी विरते. पहिल्यांदा गाडी घेत असाल तर आपल्याच जिल्ह्यातली बघा.

आरसीवर एका काळी टॅक्सी म्हणून नोंद होती का, हेही विचारून घ्या. पिवळ्या पाटीची पांढरी करून विकलेल्या गाड्या बाजारात असतात. त्या चार वर्षांत दोन लाख किलोमीटर पळालेल्या असतात आणि मीटरवर साठ हजार दिसतात.

बघायला जाताना

मेस्त्रीला बरोबर न्या. त्याची दिवसभराची मजुरी हजार-पंधराशे होईल, त्यात कंजुषी करू नका. पण तो विकणाऱ्याने सुचवलेला नसावा, गाडी जमवून दिल्याचं कमिशन घेणाराही नसावा.

सकाळी जा, आणि इंजिन थंड असताना. चिंचवडला एका सोसायटीत आम्ही २०१३ ची वॅगनआर बघायला गेलो होतो. सकाळी आठची वेळ ठरलेली. मेस्त्रीने काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. मालक म्हणाला, आत्ताच दूध आणायला जाऊन आलो. दुधाची पिशवी कुठे दिसली नाही. मेस्त्री म्हणाला, 'बरं, आम्ही नाश्ता करून येतो,' आणि आम्ही तीन तासांनी, फोन न करता परत गेलो. या वेळी चावी फिरवल्यावर स्टार्टर बराच वेळ कुंथला, गाडी चालू झाली आणि मागून निळसर धुराचा लोट निघाला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. मालक म्हणाला, 'थंडीचं होतं असं.' मे महिना होता.

पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतंय. सकाळच्या गारव्यातली वाफ मिनिटा-दोन मिनिटांत जाते, तिला घाबरू नका. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण हळूच उघडा. भकभक धूर बाहेर आला तर मेस्त्री म्हणेल बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, इंजिन उतरवावं लागेल. झाकणाला आतून दुधाळ चहासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय, हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागातल्या सीलचा) संशय. कूलंटच्या बाटलीत हिरवं-गुलाबी पाणी हवं. गंजाचं तांबडं पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचंच ओतलंय. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका, तोंड भाजेल.

चावी 'ऑन'पर्यंत फिरवा, गाडी चालू करू नका, आणि डॅशबोर्डकडे बघा. इंजिनचा पिवळा दिवा लागायला हवा आणि गाडी चालू झाल्यावर विझायला हवा. लागलाच नाही तर खूश होऊ नका, कोणीतरी बल्ब काढलाय. एअरबॅगच्या दिव्याचंही तेच.

बाहेरून बघताना रंगाच्या चकाकीपेक्षा फटींकडे बघा. दरवाजा आणि पत्रा यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का? उडाला असेल तर पाना लागलाय, म्हणजे ते कधीतरी उघडलंय. बॉनेटखाली एप्रनच्या (इंजिनच्या बाजूच्या आतल्या पत्र्याच्या) कडेला कंपनीतून आलेले गोल वेल्डिंगचे ठिपके एकसारखे असतात. ते एका बाजूला नाहीसे झाले असतील तर तिथे मोठी ठोकर बसली आहे. बंपरला ओरखडे, दरवाजाला पोचा, यांना मी काहीच म्हणत नाही. आपल्या रस्त्यांवर दहा वर्षं फिरलेल्या गाडीला एकही ओरखडा नसेल तर मला उलट शंका येते.

पुरात बसलेली गाडी ओळखणं जास्त महत्त्वाचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात किती गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या हे आपण टीव्हीवर पाहिलंय. त्या गाड्या कुठे गेल्या? बऱ्याच धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. सीट, कार्पेट बदलता येतं, पण लोक काही जागा विसरतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी चिखलाचा पट्टा दिसतो. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. सीटखालच्या रुळांवर आणि बोल्टांवर गंज, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात बारीक माती, काचा बंद करून एसी लावल्यावर येणारा ओलसर कुबट वास. यांतल्या दोन गोष्टी जरी आढळल्या तरी भावावर बोलत बसू नका, परत या. पुराच्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. कोकणातल्या आणि समुद्राकाठच्या गाड्यांचं वेगळंच, त्यांचा पत्रा गंज खालून खातो. दरवाजाच्या खालच्या कडा आणि चाकावरच्या कमानी बोटाने चाचपा.

किलोमीटरचा आकडा मी गंभीरपणे घेतच नाही. मीटर मागे फिरवणं हे आता हजार-दोन हजारांचं काम आहे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर, स्टिअरिंगची वरची बाजू, चालकाच्या सीटची उजवी कड यांवर खरा आकडा लिहिलेला असतो. पस्तीस हजार पळालेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नियमित जात असेल तर दर वेळचं रीडिंग तिथे नोंदलेलं असतं. मालकालाच फोन करून तो तपशील मागवायला सांगा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. चारी टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकीचीही दुरुस्ती तशीच केली असणार, हा माझा आडाखा आजवर चुकलेला नाही.

चालवून बघताना

स्वतः चालवा, आणि निदान अर्धा तास. विकणारा चालवतो तेव्हा तो गाडीच्या खोडी सांभाळून चालवतो. गाणी बंद ठेवा. खड्ड्यांच्या रस्त्यावर न्या, खडखड आली तर बुश, लिंक रॉड किंवा लोअर आर्म, म्हणजे सस्पेन्शनचं काम. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, कट-कट आवाज आला तर ॲक्सलचं काम आहे. ही सगळी कामं होण्यासारखी असतात, फक्त त्यांचे पैसे भावातून कापायचे.

उभ्या गाडीत हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. गाडी बंद पडायला हवी. इंजिन तसंच घुरघुरत राहिलं तर क्लच प्लेट संपली. हे एकदाच करा, दुसऱ्याच्या गाडीवर प्रयोग नकोत. शेवटी एसी लावून चढावर न्या आणि परत आल्यावर पाच मिनिटं चालूच ठेवा. गरम होणारी गाडी याच वेळी पकडली जाते, काटा मधोमध राहायला हवा.

भावाचं

'फायनल किती' असं विचारू नका, त्यात तुमचीच घाई दिसते. मेस्त्रीने काढलेल्या कामांची यादी कागदावर लिहा, प्रत्येकासमोर रुपये टाका आणि कागद समोर ठेवा. टायर तेरा हजार, क्लच सात हजार, बॅटरी साडेचार. कागदावरच्या आकड्यांवर माणूस विचार करतो, 'जरा कमी करा ना' यावर करत नाही.

वेळेचाही फायदा घेता येतो. दसरा-दिवाळीला लोक नवी गाडी घेऊन जुनी सोडतात, बाजारात माल येतो, पण गिऱ्हाईकही तेव्हाच असतं. त्याच्या आधीचा पितृपक्ष खरा. त्या पंधरा दिवसांत बरेचजण गाडी घेत नाहीत आणि डीलर माश्या मारत बसलेले असतात. तुम्हाला चालत असेल तर इसार तेव्हा द्या आणि गाडी घटस्थापनेला घरी आणा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे जुन्या गाडीचा भावही उतरायला हवा. तरीही कोणी त्याआधीचे भाव सांगत असेल तर नव्या ऑल्टोची आजची किंमत त्याच्यासमोर काढा.

पैसे देताना

इसार पाच हजारांच्या वर नको, तोही ऑनलाइन, आणि मेसेजमध्ये लिहून: 'कागद स्वच्छ नसल्यास परत'.

उरलेले पैसे आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात. मेहुण्याच्या नाही, मित्राच्याही नाही. फॉर्म २९ च्या प्रती (गाडी विकल्याची सूचना) आणि फॉर्म ३० (नाव बदलायचा अर्ज) यांवर तुमच्यासमोर सही, आधार आणि पॅनच्या सही केलेल्या प्रती. आणि एक गोष्ट जी हमखास राहून जाते: आरटीओच्या नोंदीत मालकाचा जो मोबाइल नंबर आहे तो चालू आहे का? ऑनलाइन अर्जाचा ओटीपी तिकडेच जातो. जुना नंबर बंद असेल तर आधी तो बदलून घ्या, तोवर काही हलत नाही.

डीलर 'फॉर्म आमच्याकडे राहू द्या' म्हणाला तर एकूण रकमेतले दहा-पंधरा हजार नाव बदलेपर्यंत राखून ठेवा. चांगला डीलर कुरकुर करेल, पण मान्य करेल.

ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. दुपारी चारला गाडी घेतलीत आणि सकाळी अकराचं चलन आलं तर ते कुणाचं, हे तो कागद सांगेल. विकणाऱ्यालाही हे समजावून सांगा, कारण त्यात त्याचाही जीव अडकलेला असतो. नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. हे कळल्यावर टंगळमंगळ करणारे विक्रेतेही आरटीओत वेळेवर येतात.

राज्यातल्या राज्यात खरेदी असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. मी तीस दिवसांची वाट बघत नाही, पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकतो. विमाही त्याच आठवड्यात तुमच्या नावावर घ्या, त्याला मुदत चौदा दिवसांची. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर पाटी बसवलीय का तेही बघा.

पहिला आठवडा

गाडी घरी आली की पहिला खर्च सीट कव्हरचा करू नका. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं एकदम बदला, आधीच्याने केव्हा बदललं यावर विश्वास ठेवू नका. ऑल्टो ८०० ला टायमिंग बेल्ट असतो. शेवटचा कधी बदलला याचं बिल मिळालं नाही तर तो बदलूनच टाका, तुटला तर रस्त्यात जागेवर उभे राहाल. नव्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं आणि या वयाच्या बहुतेक गाड्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप मेस्त्रीला एकदा हाताने दाबून बघायला सांगा.

दुसरी चावी मागून घेतलीत ना? आणि काचेवरचा फास्टॅग त्याच्या खात्याचा आहे, तो त्याला बंद करायला सांगून तुमचा नवा लावा. मावसभावाने तो तसाच ठेवला होता. तीन आठवड्यांनी आधीच्या मालकाचा फोन आला, की तुमचा लोणावळ्याचा टोल माझ्या खात्यातून गेलाय, जरा पाठवता का.